सांगलीत घरी गाडीचा चार्जर बसवायचाय: वायर, अर्थिंग, लोड आणि पुराचं पाणी

कृष्णाकाठ, सांगलीवाडी

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या आत गाडी हातात येईल. बॅटरी ४५ किलोवॅट-अवरची, गाडीतला एसी चार्जर ७.२ किलोवॅटचा. शोरूमवाले म्हणतात भिंतीवरचा चार्जर आमचा माणूस बसवून देईल, तुम्ही फक्त पॉइंट काढून ठेवा. आता हा पॉइंट म्हणजे नेमकं काय काय, ते कुणी नीट सांगत नाही.

घर दुमजली. खाली पार्किंग आणि सामानाची खोली, आम्ही वर राहतो. मीटर पुढच्या भिंतीवर, गाडी मागच्या बाजूला लागते. भिंतीकडेनं वायर फिरवली तर २५ मीटर सहज होते. कनेक्शन सिंगल फेज, मंजूर भार ३ किलोवॅट. घरात एक एसी, एक गिझर, पाण्याची मोटर. रोजचं जाणं-येणं कुपवाड एमआयडीसीपर्यंत, ३० किलोमीटरच्या आसपास. अधूनमधून पुण्याची फेरी असते.

३.३ चा चार्जर पुरेल की ७.२ चाच घ्यावा? वायर किती एमएमची? थ्री फेज घ्यावंच लागेल का? आणि सांगलीवाडी म्हटल्यावर पुढचा प्रश्न तुम्ही ओळखला असेलच. २०१९ ला आमच्या पार्किंगमध्ये डोक्यावर पाणी होतं. चार्जर लावायचा कुठल्या उंचीला?

वायरमन_विश्रामबाग

दादा, पुराचं वेगळं लिहितो, त्याला जागा लागेल. आधी विजेचं बघू.

भिंतीवर जो डबा बसतो त्याला आपण चार्जर म्हणतो, पण एसीचं डीसी करून बॅटरीत भरणारा खरा चार्जर गाडीच्या आत असतो. भिंतीवरचा डबा वीज तपासतो, गाडीशी बोलतो आणि "एवढे अॅम्पिअर घे" असं सांगतो. म्हणून गाडीतला चार्जर ३.३ चा असेल तर भिंतीवर ७.२ चा लावून वेग वाढत नाही. तुमच्या गाडीत ७.२ चा आहे, त्यामुळे तुम्हाला निवड करता येते.

हिशोब साधा आहे. १६ अॅम्पिअरला साधारण ३.३ किलोवॅट, ३२ अॅम्पिअरला ७.२. तुमचे ३० किलोमीटर म्हणजे चार-साडेचार युनिट, भरताना थोडी वीज वाया जाते ती धरून पाच. ३.३ वर हे दीड तासात भरतं. पुण्याहून रिकामी गाडी घेऊन आलात आणि पूर्ण भरायची असेल तर मात्र ३.३ ला १४-१५ तास, ७.२ ला साडेसहा-सात. रोजच्या कामाला ३.३ भरपूर आहे हे माझं स्पष्ट मत.

पण वायर मात्र ३२ अॅम्पिअरचीच ओढा. चार्जर पुढं कधीही बदलता येतो, भिंतीतली वायर पुन्हा कोण काढणार? २५ मीटरला तांब्याची ६ एमएम टाकली तर जाऊन-येऊन ५० मीटरचा रोध साधारण ०.१६ ओहम पडतो. ३२ अॅम्पिअरला पाच व्होल्टच्या वर ड्रॉप आणि दीडशे वॅटच्या पुढं नुसती वायर तापवायला जातात. १० एमएमला हेच तीन व्होल्टवर येतं. मी तुमच्या घरात १० एमएम टाकेन. अॅल्युमिनियम अजिबात नको. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो, गाडी रात्रभर पूर्ण लोड घेते. जो सांधा गिझरला वर्षानुवर्षं टिकला तो गाडीला एका उन्हाळ्यात काळा पडतो. म्हणून मीटरपासून डीबीपर्यंत (स्विचांची पेटी) आणि डीबीपासून चार्जरपर्यंत अखंड वायर, मधे कुठंही जोड नाही, टोकाला लग (तांब्याची टोपी) दाबून बसवलेले. नुसती वायर पिळून स्क्रूखाली दाबायची नाही.

३२ अॅम्पिअरच्या चार्जरला ४० चा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. त्याच्यासोबत ३० मिलीअॅम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच), आणि तो फक्त गाडीसाठी स्वतंत्र. इथं एक गोष्ट डोळ्यानं बघून घ्या. आरसीसीबीच्या तोंडावर छोटं चिन्ह असतं. नुसती एक लाट काढलेली असेल तर तो टाइप एसी. लाटेच्या खाली तुटक अर्ध्या लाटा काढलेल्या असतील तर टाइप ए. आपल्याकडं दुकानात सहज मिळतो तो टाइप एसी. गाडीच्या सर्किटमधून कधी डीसी गळती झाली तर तो आतून आंधळा होतो आणि खरा शॉक लागतानाही पडत नाही. कमीत कमी टाइप ए पाहिजे, आणि चार्जरमध्ये ६ मिलीअॅम्पिअरची डीसी गळती ओळखायची सोय आहे का ते माहितीपत्रकात बघायचं. नसेल तर टाइप बी लागतो, तो महाग आहे.

वळिवाच्या विजा आपल्याकडं नवीन नाहीत, तेव्हा डीबीत एसपीडीही घाला, तो विजेचा अचानक आलेला झटका अडवतो.

अजिंक्यतारा_पायथा, सातारा

वायरमनदादांनी अर्थिंगचं अजून काढलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडं सगळा घोळ तिथंच झाला होता.

आमचं घर डोंगराच्या अंगाला. वर थोडा मुरूम, त्याखाली कातळ. चार्जर बसवायला आलेल्या माणसानं जोडणी केली, गाडीला गन लावली तर लाल दिवा, "ग्राउंड फॉल्ट". त्यानं सरळ सॉकेटच्या मागं न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून टाकले आणि म्हणाला, बघा चालू झालं. शेजारचे काका एसटीत इलेक्ट्रिशियन होते, त्यांनी बघितलं म्हणून बरं. त्याच संध्याकाळी ते काढायला लावलं.

नंतर अंगणात तांब्याचा मुलामा असलेले तीन रॉड एकमेकांपासून लांब लांब ठोकले, भोवती बेंटोनाइट (ओल धरणारी माती) भरलं, तिन्ही पट्टीनं जोडले. एका रॉडवर जे रीडिंग येतच नव्हतं ते तिन्ही मिळून चार ओहमच्या खाली आलं. तेव्हापासून लाल दिवा नाही.

वायरमन_विश्रामबाग

भाऊ, तुमच्या काकांनी घरच्यांचा जीव वाचवला. वाचणाऱ्या सगळ्यांनी हे नीट समजून घ्या. सॉकेटला न्यूट्रल आणि अर्थ एकत्र केले आणि पुढं कधी खांबावरून येणारा न्यूट्रल तुटला, तर गाडीच्या पत्र्यावर सरळ २३० व्होल्ट येतात. गाडी रबरी टायरवर उभी, ती वीज जमिनीत उतरत नाही. ओल्या पार्किंगमध्ये दार उघडायला हात लावणारा माणूस तिची वाट होतो. लाल दिवा ही चार्जरची तक्रार खरी असते, ती दाबायची नाही.

सांगलीची काळी माती अर्थिंगला चांगली, ओल धरते. पण एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात आणि रॉडपासून ती सुटते. म्हणून रीडिंग उन्हाळ्यात घ्यायचं. पावसाळ्यात घेतलेलं रीडिंग सगळ्यांचंच सुंदर येतं. रॉडचा खड्डा, म्हणजे पिट, झाकणाचा करा, म्हणजे पाणी घालता येतं.

घरी मल्टिमीटर असेल तर तुम्हीही बघू शकता: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. मग गिझर चालू करून शेवटचं पुन्हा मोजा. एकदम उडी मारली तर न्यूट्रल कुठंतरी सैल आहे. मात्र अर्थचा रोध मल्टिमीटरवर कळत नाही, त्याला अर्थ टेस्टर लागतो. कॉन्ट्रॅक्टरकडं तो नसेल तर दुसरा बघा.

पुणे_सांगली_पुणे

मला ३.३ चं मत पटलं नाही. मी आठवड्याला पुणे करतो. रविवारी रात्री घरी येतो आणि सोमवारी पहाटे निघायचं असतं. रात्रीच्या सहा-सात तासांत ३.३ वर अर्धीच गाडी भरते. मग खंबाटकीच्या अलीकडं-पलीकडं थांबून डीसी चार्जरवर रांग. घरचं युनिट आणि हायवेवरचं युनिट यांच्या दरातला फरक बघा, ७.२ चा जादा खर्च काही दिवसांत निघून येतो. शिवाय बॅटऱ्या मोठ्या होत चालल्यात, ५९ आणि ७९ किलोवॅट-अवरच्या गाड्या रस्त्यावर आल्या. त्या ३.३ वर कशा भरणार?

वायरमन_विश्रामबाग

तुमच्या वापराला ७.२ च पाहिजे, मान्य. मी कुपवाडला जाणाऱ्या माणसाला सांगत होतो.

त्यांची अडचण लोडची आहे. मंजूर भार ३ किलोवॅट, त्यावर नुसता ३.३ चा चार्जर लावला तरी भार वाढवून घ्यावाच लागतो. ७.२, गिझर आणि एसी एका सिंगल फेजवर एकदम चालवले तर मीटर आणि सर्व्हिस वायर दोन्हींवर जड जातं. तेव्हा थ्री फेज घ्या आणि चार्जर एका फेजवर एकटा ठेवा, गिझर-एसी दुसऱ्यावर. थ्री फेजचा स्थिर आकार जास्त असतो, तो दर महिन्याला येणार हेही धरा. मधला मार्ग म्हणजे लोड बघून स्वतःचे अॅम्पिअर कमी करणारा चार्जर. मीटरजवळ एक सीटी (करंट मोजणारी कडी) बसते, गिझर चालू झाला की गाडीचा ओढा आपोआप उतरतो. अॅप, वायफाय, कार्ड यापेक्षा ही सोय कामाची. वेळ लावायची सोय तर बहुतेक गाड्यांतच असते.

भारवाढीचा अर्ज महावितरणच्या साइटवरून होतो. लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो. केंद्राच्या २०२४ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांत नवीन कनेक्शन किंवा आहे त्यात बदल यासाठी महापालिका क्षेत्रात ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवसांची मुदत दिलेली आहे. अर्जाची पोच जपून ठेवा.

कृष्णाकाठ, सांगलीवाडी

खूप मोलाची माहिती. बिलाचं विचारतो. घरच्या मीटरवरच गाडी भरली तर चालतं ना? की वेगळा दर लागतो?

हिशोबनीस_मिरज

चालतं. स्वतःची गाडी स्वतःच्या जागेत भरायला त्या जागेचाच दर लागतो, म्हणजे घराला घरगुती. पण स्लॅब विसरू नका: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढं. घराचे महिन्याला १८० युनिट असतील आणि गाडीचे १५० आले तर ३३० होतात, वरचे ३० तिसऱ्या स्लॅबमध्ये जातात. गाडीच्या युनिटची किंमत काढताना सरासरी दर धरून चालत नाही, गाडीमुळं वाढलेल्या युनिटना जो दर पडतो तोच धरायचा.

टीओडी मीटर (वेळेनुसार वापर मोजणारा) बसला असेल तर घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापरावर सवलत आहे. सुट्टीच्या दिवशी गाडी घरी असेल तर तेव्हा लावा. आणि छत मोकळं असेल तर सोलर घ्याच. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. ३ किलोवॅट स्वच्छ उन्हात दिवसाला १२ युनिटच्या आसपास देतं, आणि नेट मीटरिंग असल्यानं गाडी रात्री भरली तरी हिशोबात वजा होतं. तुमच्या ३० किलोमीटरला पाच युनिट लागतात, बाकीचं घराला.

द्राक्षबाग, तासगाव

आमी मळ्यात राहतो. बागंच्या मोटरंचं थ्री फेज कनेक्शन दारातच हाय. गाडी त्याच्यावर लावली तर? आणि घरातल्या लायनीला संध्याकाळी व्होल्टेज लई पडतंय, पंखा बी दमानं फिरतोय.

हिशोबनीस_मिरज

काका, शेतीच्या कनेक्शनवर गाडी अजिबात लावू नका. ते सवलतीच्या दराचं, ठरावीक कामासाठी दिलेलं कनेक्शन आहे. दुसऱ्या कामाला वापरलं की वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली येतं आणि आकारणी दुप्पट दरानं होते.

वायरमन_विश्रामबाग

काका, व्होल्टेज एका मर्यादेच्या खाली गेलं की चार्जर स्वतःच थांबतो, त्यात गाडीचं नुकसान नाही. तुम्ही दोन गोष्टी करा. गाडीच्या पडद्यावर किंवा चार्जरवर अॅम्पिअर १६ वरून १० वर आणा, ओढ कमी झाली की व्होल्टेजही सावरतं. आणि वेळ रात्री अकरानंतरची लावा. स्टॅबिलायझरच्या नादाला लागू नका, तो खांबावरून आणखी जास्त करंट ओढतो आणि शेजाऱ्याचंही पाडतो. डीपीपासून (गावातला ट्रान्सफॉर्मर) तुमची लाइन लांब असेल तर महावितरणकडं लेखी द्या, तोंडी सांगून लाइन बदलत नाही.

मिरजेची_मुग्धा

माझा प्रश्न वेगळा. आम्ही मिरजेत फ्लॅटमध्ये राहतो, सोसायटी २४ घरांची. पार्किंग माझ्या नावावर आहे, मीटरखोली जिन्याखाली. कमिटी म्हणते, "एकाला दिलं तर सगळे मागतील," म्हणून परवानगीच देत नाहीत. आगीची भीतीही बोलून दाखवतात. सासरे चिडून म्हणाले, खिडकीतून वायर सोडू.

हिशोबनीस_मिरज

ताई, खिडकीतून वायर नको, त्यानं कमिटीची भीती खरी ठरेल.

त्या २०२४ च्या नियमांतच गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागण्याचा ग्राहकाला हक्क दिलेला आहे. पण हक्क दाखवून भांडण्यापेक्षा कमिटीला कागदावर उत्तर द्या. वायर मीटरखोलीपासून तुमच्या जागेपर्यंत कुठून जाणार त्याचा हातानं काढलेला नकाशा, आर्मर्ड केबल (धातूचं कवच असलेली) आणि स्वतंत्र एमसीबी-आरसीसीबी असल्याचं कॉन्ट्रॅक्टरचं पत्र, बिल माझ्या मीटरवर येईल हे लेखी, आणि काम झाल्यावर टेस्ट रिपोर्टची प्रत सोसायटीला देईन हे वचन. "सगळे मागतील" याला उत्तर असं की मागू देत, आत्ताच केबल ट्रे मोठा टाकू म्हणजे पुढच्यांचा खर्च वाचेल. चार-पाच गाड्या झाल्या की सोसायटीच्या नावानं चार्जिंगचं वेगळं कनेक्शन घेता येतं. त्याचा वर्ग वेगळा, घरगुती स्लॅब त्याला लागत नाहीत.

मिरजेची_मुग्धा

नकाशाची कल्पना छान आहे. आमचे चेअरमन निवृत्त ओव्हरसिअर आहेत, त्यांना नकाशा दिला की ते स्वतःच चुका काढायला बसतील आणि विषय पुढं सरकेल. या रविवारच्या सभेला घेते.

वायरमन_विश्रामबाग

आता कृष्णाकाठ दादांचं पुराचं.

आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सांगलीवाडी, कर्नाळ रोड, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट इथल्या माणसाला हे आकडे पाठ आहेत. चार्जरवर आयपी ६५ किंवा ६७ लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. ६५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. कृष्णेचं पाणी आठवडाभर बसतं आणि सोबत गाळ आणतं.

पार्किंगमध्ये डोक्यावर पाणी येत असेल तर सुरक्षित उंची तुमच्या हाताच्या टप्प्यात नाहीच. म्हणून उंची शोधत बसू नका. एमसीबी, आरसीसीबी, एसपीडीचा डीबी वरच्या मजल्यावर जिन्याजवळ घ्या. तिथून खाली एकच आर्मर्ड केबल. खाली भिंतीवर ३२ अॅम्पिअरचा निळा इंडस्ट्रियल सॉकेट आणि चार्जर खुंटीवर अडकवलेला, प्लगनं जोडलेला. असा प्लगवर चालवायला कंपनीची मान्यता आहे का ते घेण्याआधी विचारा, काही चार्जर कायमच्या जोडणीसाठीच असतात. पाणी येणार असं दिसलं की वर डीबीतून बंद करायचं, प्लग काढायचा आणि चार्जर केबलसकट वर न्यायचा. खाली राहतो तो सॉकेट, त्याची किंमत चार्जरच्या मानानं किरकोळ आहे.

गाडीचं याहून महत्त्वाचं. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की त्याच रात्री गाडी पूर्ण भरून ठेवा. पाणी सांगलीत पोचायला वेळ मिळतो, पण एकदा डीपीत पाणी शिरलं की महावितरण पुरवठा बंद करतं आणि मग गाडी भरायला वीज नसते. भरलेली गाडी विश्रामबागेत, मिरजेत पाहुण्यांकडं नेऊन लावता येते.

एक राहिलं. ही लाइन इन्व्हर्टरच्या बाजूनं घेऊ नका आणि न्यूट्रलही इन्व्हर्टरच्या सर्किटशी एकत्र करू नका. आरसीसीबी उगाच पडत राहतो आणि मग वैतागून कुणीतरी तो काढून टाकतो.

कृष्णाकाठ, सांगलीवाडी

काम झालं, म्हणून सगळ्यांसाठी लिहितो. डीबी वर जिन्याच्या तोंडाशी, १० एमएमची आर्मर्ड केबल, मधे जोड नाही. अर्थिंगचे दोन रॉड मागच्या बाजूला, झाकणाच्या पिटमध्ये. कॉन्ट्रॅक्टरनं अर्थ टेस्टर लावून दाखवला, २.४ ओहम. गाडी लावायच्या आधी व्होल्टेज २३८, १६ अॅम्पिअरवर भरताना २३४. न्यूट्रल-अर्थ एक व्होल्टच्या आत. तासाभरानं सॉकेटच्या तोंडाला हात लावून बघितला, कोमटसुद्धा नव्हता.

चार्जर ७.२ चाच घेतला आहे, पण १६ अॅम्पिअरवर बांधून ठेवलाय. त्यापुरती भारवाढ मंजूर झाली, थ्री फेजचा अर्ज टाकला आहे, मीटर बदलला की ३२ वर नेऊ. आरसीसीबीचं चिन्ह डोळ्यानं बघितलं. पहिल्यांदा टाइप एसीच आणला होता, दुकानात परत देऊन टाइप ए आणायला लावला.

आता एकच विचारायचं आहे. पूर येऊन गेल्यावर परत चालू करताना काय काय तपासायचं?

वायरमन_विश्रामबाग

रीडिंग झकास आहेत. ती तारीख टाकून डीबीच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवा, पुढं तुलनेला लागतील.

पूर ओसरल्यावर: खालचा सॉकेट धुऊन वापरायचा नाही, नवीनच बसवायचा. केबलची दोन्ही टोकं सोडून ५०० व्होल्टच्या मेगरनं इन्सुलेशन तपासून घ्या, एक मेगोहमच्या खाली आलं तर टोकं कापून, वाळवून पुन्हा. तरीही आलं नाही तर केबल बदला. पाइपात गाळ बसतो, तो काढा. अर्थ पिटचं झाकण उघडून क्लॅम्प घासून घट्ट करा आणि रॉडचं रीडिंग नव्यानं घ्या. मग चार्जर जोडून वर डीबीतला आरसीसीबीचा टेस्ट बटन दाबा. पडला तरच गाडीला गन लावा.

आणि पूर येवो न येवो, सॉकेट आणि एमसीबीचे स्क्रू एक महिन्यानं पुन्हा एकदा आवळून घ्या. नवीन तांबं दाबाखाली थोडं बसतं, पहिल्या महिन्यातच स्क्रू सैल होतात. मेन बंद करून मगच हात घाला.